बिनफुलांची बिदाई

ज्या वर्षी गोजराबाईंच्या अंजूचे लग्न झाले, त्याच वर्षी मी कारंज्याला आलो. लग्न माघात झाले आणि मी चैत्रात आलो. माझ्या खोक्यावर दोन हजार नऊ साल छापलेले होते, पण त्या घरात ते कोणी वाचले नाही. सगळे त्याला अंजूच्या लग्नाचे सालच म्हणत आणि अजूनही तसेच म्हणतात.

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाच्या पोटात, पंख्याच्या खाली माझी जागा असते. आकाराने मी काडीपेटीहून लहान आहे, पण संगणकातला सगळा विचार माझ्याकडून होतो. माझ्या आधीच्या प्रोसेसरांना एका वेळी एकच काम नीट जमत असे. माझ्या आत मात्र काम करणारे दोघे आहेत. एक चित्र सांभाळत असला, की दुसरा गाणे म्हणायला मोकळा. दुकानदार मला ड्युअल कोर म्हणत.

मला घडवले ते वाळूपासून. आपल्या अडाण नदीत असते तसलीच वाळू, फक्त देश दूरचा. तिथल्या कारखान्यात मला तापवून पाहिले, गार करून पाहिले, पुन्हा तापवले. मी चांगला निघालो म्हणून खोक्यात बसवले. मला वाटले, परीक्षा संपली. पुढे जहाज, मग रेल्वे, मग अकोल्याचे एक मोठे दुकान, आणि तिथून एसटीच्या टपावरून मी कारंज्याला उतरलो.

गोजराबाईंची भाजीपाल्याची वाडी गावाच्या कडेला होती. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी त्या पिकवत आणि रोज सकाळी टोपली घेऊन बाजारात बसत. त्यांच्या मालकांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा हिरालाल याचे बसस्टँडच्या रस्त्यावर दुकान होते. तो संगणक दुरुस्त करी आणि लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग करी. मुलगी अंजू सुरतेला दिली होती.

त्या लग्नात एक चुटपुट लागून राहिली होती. वऱ्हाडाला सुरत गाठायची होती, म्हणून गाडीवाल्याने घाई केली. अंजूला गाडीकडे नेले, तेव्हा गोजराबाई घरात शिदोरी बांधत होत्या. पुऱ्या, लाडू, लोणच्याची बरणी. गाठ मारून त्या बाहेर आल्या तर रस्त्यावर नुसती धूळ. हिरालालने शिदोरी मोटारसायकलवर घेतली आणि पेट्रोल पंपापाशी गाडी गाठून पोचती केली. शिदोरी गेली, पण मायलेकींची भेट राहिली. गोजराबाई परत आल्या तेव्हा मांडवामागे मेथीची टोपली दिवसभर उन्हात राहून पार सुकली होती. त्यांनी ती गाईपुढे टाकली.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. जाता जाता पोरीने आपल्यासाठी मागे वळून पाहिले का? जगदेव नावाच्या व्हिडिओवाल्याने लग्न टिपले होते. पण हिरालालचा जुना संगणक मिक्सिंग करता करता गपकन थांबे. म्हणून त्याने अकोल्याहून मला मागवले.

मला खोक्यातून काढले तेव्हा गोजराबाई बाजार आटोपून दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. हिरालालने मला चिमटीत धरून त्यांना दाखवले.

"माय, हे पाह्य. याले दोन डोके हायेत."

"दोन? मंग आपसात भांडत नाईत का?"

"नाई वं. एक काम करते, दुसरं गानं लावते."

"बरं हाये बाप्पा. तुले एकच हाये, अन् थे बी गान्यातच राह्यते."

नवा प्रोसेसर आला, की हिरालाल त्याची परीक्षा घेई. त्याची रीत ठरलेली होती. एकीकडे व्हिडिओचे मिक्सिंग चालू करायचे आणि दुसरीकडे गाणे लावायचे. गाणे कुठे अडखळले नाही, तर प्रोसेसर पास. आणि पहिली परीक्षा नेहमी घरच्या कामावर. लोकांच्या लग्नावर प्रयोग करायचा नाही, असा त्याचा दंडक होता. त्यामुळे माझ्या परीक्षेला अंजूचेच लग्न आले.

त्याने मला बोर्डावर बसवले आणि तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते. उन्हासाठी शटर अर्धे ओढून तो समोर चहा प्यायला गेला. दुकानात गोजराबाई आणि मी, दोघेच राहिलो.

त्या उठल्या. दुकानात देवाचा फोटो होता, त्याच्यापुढे हळदकुंकवाची वाटी होती. त्या घरात नवी वस्तू आली, की तिला आधी हळदकुंकू लागे. विहिरीवरच्या मोटरीला लागले होते, फवारणीच्या पंपाला लागले होते, हिरालालच्या मोटारसायकललाही लागले होते. मग मीच का कोरडा राहू? त्यांनी बोट ओले करून माझ्या चकचकीत पाठीवर हळद लावली, कुंकू लावले आणि वर अक्षता टाकल्या. बाकीचे दाणे घरंगळले. एक मात्र ओल्या कुंकवाला चिकटून राहिला. मग त्यांनी मला हात जोडले. "माह्या पोरीचं लगन दाखव बापा," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, मला त्याआधी कोणी हात जोडले नव्हते, आणि नंतरही फारसे कोणी जोडले नाहीत.

हिरालाल परत आला. अर्ध्या शटरच्या अंधारात त्याने सवयीच्या हाताने माझ्यावर पंखा ठेवला, चारही खिट्ट्या दाबल्या आणि डबा बंद केला. माझ्या आणि पंख्याच्या मध्ये काय आहे, हे त्याला दिसले नाही.

आता तुम्हाला एक सांगायला हवे. काम करताना मी फार तापतो. माझी उष्णता पंख्याखालच्या धातूने ओढून घ्यायची असते, त्यासाठी त्याने मला घट्ट चिकटून बसावे लागते. तांदळाच्या दाण्याने तो धातू अधांतरी धरला होता. वीज आली, परीक्षा सुरू झाली. माझ्यातल्या एकाने गाणे धरले, दुसऱ्याने लग्न. हळद झाली, मंगलाष्टके झाली, जेवणाच्या पंगती झाल्या. मी तापत गेलो. बिदाई आली. त्या जागी हिरालालने गुलाबाच्या पाकळ्या पडताना दाखवल्या होत्या. तेव्हा लग्नाच्या व्हिडिओत त्या असल्याशिवाय लोकांना चैन पडत नसे. एकेका पाकळीचा हिशेब मला करावा लागे. अंजू गाडीच्या दारापाशी आली आणि माझा जीव गुदमरला. असे झाले, की जळून जाण्यापेक्षा आपण होऊन बंद पडावे, ही आम्हाला कारखान्यातली शिकवण. मी बंद पडलो. पडदा काळा झाला.

हिरालालने पुन्हा सुरू केले. पुन्हा तिथेच. पुन्हा एकदा. पुन्हा तिथेच.

"काहून रे, अंजू गाडीपाशी आली का थे मरते?" गोजराबाई म्हणाल्या.

"पीसच खराब निंगाला, माय. उद्या अकोल्याले वापस पाठवतो."

"मंग लगन?"

"दुसरा आला का पाहू."

"एवढं एकदा पाहू दे रे. थे मांगं पाह्यते का नाई, थेवढंच."

परत गेलेल्या प्रोसेसरांचे काय होते, ते मला अकोल्याच्या दुकानात कळले होते. त्यांना एका पत्र्याच्या डब्यात टाकतात. पुन्हा कोणी तपासायच्या फंदात पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालालने मला काढायला डबा उघडला. पंखा उचलला आणि तो तसाच उभा राहिला. माझ्या पाठीवर लाल-पिवळा लेप पसरला होता आणि मधोमध अर्धवट चिरडलेला तांदळाचा दाणा होता.

"माय!"

गोजराबाई बाजाराला जाता जाता दुकानात टेकल्या होत्या. "काय झालं रे बाप्पा?" त्या दचकून म्हणाल्या.

"हे तू केलं?"

"मंग? नवी चीज तशीच बसवा का? तुह्या बापानं मोटर आनली तवाबी म्याच कुकू लावलं होतं. पंधरा वर्सं चालली थे."

"मोटरीले वरून लावतेत, माय. तिच्या पोटात नाई लावत!"

"पन थे त तू उघडंच ठेवून गेला होता. मले काय माईत त्याचं पोट कुठी अन् पाठ कुठी?"

हिरालाल रागावणार होता, पण त्याला हसू फुटले. समोरचा चहावाला काय झाले म्हणून पाहायला आला, तोही हसला. गोजराबाई मात्र हसल्या नाहीत. हिरालाल स्पिरिटच्या कापसाने मला पुसू लागला, तशा त्या कासावीस झाल्या.

"पुसून राह्यला? अपशकुन होते ना बाप्पा."

"काई होत नाई. तू डब्ब्याले लाव. बाहीरून. पाह्यजे तेवढं लाव."

त्याने माझ्यावर उष्णता पंख्याकडे पोचवणारा लेप लावला, पंखा पुन्हा बसवला आणि परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी गाणे अडखळले नाही आणि चित्रही थांबले नाही. बिदाई आली, पाकळ्या पडू लागल्या, आणि अंजू गाडीच्या दारापाशी आली. तिने पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि मागे वळून पाहिले.

नुसते पाहिले नाही. तिची नजर गर्दीतून कोणाला तरी शोधत फिरली. मग ती काहीतरी बोलली. पण तिच्या तोंडावरून नेमकी एक मोठी पाकळी घरंगळत खाली गेली.

"हे फुलं कोन फेकून राह्यलं?" गोजराबाई म्हणाल्या.

"कोनी नाई. म्या टाकले कॉम्प्युटरनं. शोभा येते."

"शोभा गेली चुलीत. माह्या पोरीचं तोंड झाकलं. काढ थे."

हिरालालने आईसाठी बिनफुलांची बिदाई वेगळी करून ठेवली. सुरतेला आणि पाहुण्यांना फुलांच्याच सीड्या गेल्या. जगदेवने त्याच कॅसेटवर पुढच्या आठवड्यात शिरपूरचे एक लग्न टिपले. त्यामुळे बिनफुलांची बिदाई साऱ्या जगात फक्त माझ्या संगणकात उरली.

पण तिच्यातही आवाज बँडचाच होता. अंजूचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसे. गोजराबाईंनी फोनवर विचारून पाहिले.

"आता का आठवते माय? रडू येत होतं मले," अंजू म्हणाली.

"'माय आली नाई' असंच म्हनली असन थे," गोजराबाई हिरालालला म्हणाल्या. त्यांनी तो अर्थ मनाशी धरला आणि मग सोडला नाही.

त्यानंतर माझी कामाची वर्षे सुरू झाली. कारंजा, शिरपूर, पार रिठदपर्यंतची लग्ने माझ्यातून गेली. पोरे परीक्षेचा निकाल पाहायला येत, त्यांचा आनंद आणि रडे मीच आधी पाहत असे. "हिरालालचं मशीन लय फास्ट हाये," असे लोक म्हणत. दसऱ्याला माझ्या डब्याला झेंडूची माळ पडे. गोजराबाई स्वतः येऊन हळदकुंकू लावत आणि दर वेळी हिरालालकडे पाहून म्हणत, "बाहीरूनच लावून राह्यली, भिऊ नको."

दिवाळीत भाऊबीजेला अंजू कधी येई, कधी तिला जमत नसे. न आली, की गोजराबाई दुकानात येऊन स्टुलावर बसत. हिरालाल काही न विचारता बिनफुलांची बिदाई लावून देई. त्या पडद्याच्या अगदी जवळ जात. अंजू वळे, शोधे, ओठ हलवी. मी ते चित्र जमेल तितके स्वच्छ उमटवत असे. मला तेवढेच करता येत होते. मला वाटे, माझ्यातल्या एकाने तरी तो बँड बाजूला सारावा आणि त्याखालचा आवाज काढून द्यावा. पण जे कॅसेटवर नाही, ते मी कुठून आणणार?

मित्रांनो, आमच्या जातीला म्हातारपण लवकर येते. काही वर्षांत हिरालालने नवा संगणक घेतला. त्याचा प्रोसेसर माझ्यासारखी दोन नव्हे, चार-चार कामे एकदम करी. मी टेबलाखाली गेलो. पुढे मला भंगारात घालायचे ठरले, तेव्हा गोजराबाईंनी दुकानातच ठाण मांडले.

"त्याच्यात माह्या पोरीची बिदाई हाये."

"मोबाईलमदे टाकून देतो ना, माय."

त्याने मोबाईलमध्ये टाकली. पण घाईत टाकली ती पाहुण्यांची, फुलांची. त्यांनी पाहिली आणि मोबाईल परत दिला. मग मी वाडीवरच्या घरी आलो. बियाण्यांच्या थैल्या, फवारणीचा पंप आणि कांद्यांची पोती असलेल्या खोलीत माझी जागा झाली. हिरालालची बायको राधिका हिने माझ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला.

आता अंजू मोबाईलवर रोज दिसू लागली. राधिका मोबाईल धरी आणि मायलेकी बोलत. मला वाटले, आता माझी गरज संपली. पण एकदा राधिकाने विचारलेच.

"आत्याबाई, रोज त दिसतेत ना अंजूताई. मंग हे जुनं कायले पाह्यजे?"

"ही आताची अंजू हाये वं. केस पिकले तिचे बी. मले थे तवाची पाह्यजे. गाडीत चढली नाई तवाची."

गेल्या दिवाळीला अंजूला येणे जमले नाही. राधिकाने माझ्यावरचे लुगडे काढले आणि मला सुरू केले. मी प्रयत्न केला. पण माझ्या पंख्याच्या पात्यांवर कांद्याच्या सालींचा आणि धुळीचा थर बसला होता आणि हिरालालने लावलेला लेप वाळून खडखडीत झाला होता. मंगलाष्टकांपर्यंतसुद्धा मला पोचता आले नाही. पडदा काळा झाला.

"धूळ बसली असन," हिरालाल म्हणाला. "संक्रांतीले साफ करून देतो."

संक्रांतीला लग्नांच्या तारखा आल्या. "होळीले करतो," तो म्हणाला. होळीला दुकानात काम साचले होते. "आता पाडव्याले नक्की, माय. गुढी उभारली का पहिलं थेच काम." गोजराबाईंनी मान हलवली. कधी कधी त्या खोलीत येऊन माझ्यावरचे लुगडे सारखे करून जात. हिरालाल वाईट नव्हता. ज्याच्या हाताला रोज यंत्रे दुरुस्त करायची असतात, त्याच्या घरचे यंत्र शेवटी राहते, एवढेच.

मग गोजराबाई गेल्या. सुरतेहून अंजू आली. तेराव्याचे दिवस झाल्यावर ती एकदा त्या खोलीत आली आणि पोत्यावर बसली.

"वहिनी, हे अजून कायले ठेवलं?"

"आत्याबाई पाहत तुमची बिदाई. बिनफुलाची."

"बिनफुलाची कुठी हाये? माह्याजवळ त फुलाचीच हाये."

राधिकाने तिला सगळे सांगितले. हिरालाल दारात उभा होता. तो तडक निघाला. दुकानातून ब्रश आणि लेपाची ट्यूब घेऊन आला. त्याने माझा पंखा उतरवला, पात्यांमधली धूळ काढली, मला कापसाने पुसले. बोर्डाच्या कडेला, माझ्या जागेला लागून, हळदीचा एक पिवळा डाग अजून होता. तो त्याने पुसला नाही.

मी सुरू झालो. हळद झाली, मंगलाष्टके झाली, पंगती झाल्या. अंजू गाडीच्या दारापाशी आली, वळली, ओठ हलले.

"थांबव दादा. मांगं घे."

त्याने मागे घेतले. पोत्यावर बसलेली अंजू पडद्यातल्या अंजूबरोबर ओठ हलवू लागली. एकदा, पुन्हा एकदा. मग तिने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते आधी कळले नाही.

"मेथी," ती म्हणाली.

"काय?"

"मेथीची टोपली रे दादा. मांडवाच्या मांगं उन्हात होती. पायरीवर चढली अन् मले दिसली. मायले सांगा, मेथीले पानी मारा, असं म्हनत होती मी."

"एवढंच?"

"एवढंच."

हिरालाल खाली बसला. राधिका पदराने डोळे पुसत राहिली. पडद्यावर गाडी निघून गेली आणि रस्त्यावर नुसती धूळ राहिली. ते चित्र मी तसेच धरून ठेवले.

मित्रांनो, मी आता चांगला चालतो. हिरालाल महिन्यातून एकदा माझी धूळ झटकतो. अंजू बिनफुलांची बिदाई बरोबर घेऊन गेली. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र असेल, तर त्याच्यावरची धूळ वेळेवर काढा. ते आमच्यासाठी करू नका. आमच्या आत कोणाचे काय राहिले आहे, ते आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही. आणि ज्याला ते पाहायचे आहे, त्याला सणाची वाट पाहायला लावू नका. धूळ काढायला थोडासाच वेळ लागतो. मला साफ करायला हिरालालला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नव्हता.

हिरालालच्या आई गोजराबाई या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, वाडीवरच्या घरी वारल्या.